धूमकेतूची धूळ आणि अवरक्त किरणांची साक्ष : पुण्याच्या एका प्रयोगाची पूर्वपीठिका

प्रस्तावना

२१ जानेवारी २००१ रोजी हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तळावरून एक मोठा फुगा स्थितांबरात सोडण्यात आला. त्याच्याखाली टांगलेल्या निर्जंतुक पोलादी नळकांड्यांत सुमारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा भरून आणण्यात आली. त्या हवेत पृथ्वीबाहेरून आलेले सूक्ष्मजीव सापडतात काय, हा प्रयोगाचा प्रश्न होता. पुण्याच्या आयुकातील डॉ. जयंत नारळीकर हे या उपक्रमाचे प्रमुख प्रवर्तक होते. मराठी वाचकांना हा प्रयोग बहुधा 'अंतराळातील जीवसृष्टीचा शोध' या मथळ्याखाली माहीत झाला, आणि त्यामुळे त्याची खरी पूर्वपीठिका काहीशी दुर्लक्षित राहिली. ही पूर्वपीठिका जीवशास्त्रातील नाही. धूमकेतूभोवतीच्या धुळीचे अवरक्त किरणांत जे वेध घेतले गेले, त्यांतून उद्भवलेल्या एका वादात तिचे मूळ आहे. प्रस्तुत निबंधात त्या वेधांचा इतिहास तपासला असून, अवरक्त वर्णपट धुळीविषयी काय सांगू शकतो आणि कोणत्या प्रश्नापाशी तो थांबतो, याचा विचार केला आहे.

दृश्य प्रकाशाची मर्यादा

धूमकेतूंची नोंद भारतीय परंपरेत जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतुचार हा स्वतंत्र अध्याय असून त्यात केतूंचे वर्ण, आकार व फले यांचे वर्गीकरण येते. मराठीत 'शेंडेनक्षत्र' हा शब्द रूढ झाला तोही डोळ्यांना दिसणाऱ्या शेपटीवरून. ती शेपटी कशाची आहे, हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणालाच सांगता येत नव्हते. १८६८ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका धूमकेतूचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला व त्यात कार्बनच्या संयुगांचे पट्टे ओळखले. पुढे सायनोजनचे पट्टेही सापडले. १९१० मध्ये पृथ्वी हॅलेच्या शेपटीतून जाणार असे जाहीर होताच या विषारी वायूच्या भीतीने अनेक देशांत जी घबराट पसरली, ती वर्णपटशास्त्राच्या अर्धवट प्रसिद्धीचीच परिणती होती.

वायूंना अशी आपली ओळख देता येते. धुळीला दृश्य प्रकाशात ती देता येत नाही. धुळीचा कण सूर्यप्रकाश विखुरतो, आणि त्या विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट जवळजवळ सूर्याचाच असतो. म्हणजे धुळीकडे पाहावे तर दिसतो सूर्य. शेपटीच्या वक्रतेवरून कणांवर सूर्यप्रकाशाचा दाब किती पडतो याचे गणित मांडता येत होते, आणि त्यावरून कणांच्या आकारमानाचा अंदाजही बांधता येत होता. परंतु कण कशाचे आहेत या प्रश्नाला उत्तर नव्हते. १९५० मध्ये फ्रेड व्हिपल यांनी धूमकेतूचे केंद्रक म्हणजे धूळ मिसळलेला बर्फाचा गोळा होय, असे प्रतिपादन केले. या प्रतिमानातही बर्फाविषयी जितके नेमकेपणाने बोलता येत होते तितके धुळीविषयी येत नव्हते.

महाराष्ट्रात या विद्येची साधने अगदीच नव्हती असे नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजमध्ये १८८८ च्या सुमारास उभारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्याकडे २० इंची परावर्ती दूरदर्शक व वर्णपटदर्शक होते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे त्यांनी जेऊर येथून घेतलेले वेध प्रसिद्ध आहेत. एका महाविद्यालयाने देशातील त्या काळचा सर्वांत मोठा दूरदर्शक चालवावा, ही गोष्ट आजच्या महाविद्यालयीन अध्यापकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. तथापि ती चालू राहिली असती तरी धुळीचा प्रश्न सुटला नसता, कारण त्यासाठी लागणारा, उष्णतेची लहर टिपणारा संवेदक त्या वेळी जगात कोठेही पुरेसा तयार नव्हता.

दहा मायक्रॉनची खूण

तांबड्या प्रकाशाच्या पलीकडे उष्णता वाहणारे अदृश्य किरण आहेत, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये साध्या तापमापकांच्या साहाय्याने दाखवून दिले होते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार असे किरण उत्सर्जित करते. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्याच्या उन्हात असलेल्या काळ्या वस्तूचे तापमान सुमारे २८० केल्विन, म्हणजे हिवाळ्यातल्या खोलीइतके राहते. तिच्या उत्सर्जनाचा कमाल बिंदू दहा मायक्रॉनच्या आसपास येतो. पृथ्वीच्या वातावरणाची आठ ते तेरा मायक्रॉनांमधील खिडकी नेमकी याच ठिकाणी उघडी आहे, हा खगोलशास्त्राच्या वाट्याला आलेला एक सुदैवी योगायोग म्हटला पाहिजे.

१९६५ मध्ये इकेया-सेकी हा धूमकेतू सूर्याच्या अगदी जवळून गेला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील एरिक बेकलिन व जेम्स वेस्टफाल यांनी त्याची तेजस्विता १.६५ ते १० मायक्रॉन या लहरींवर मोजली. धुळीचे तापमान त्या अंतरावरील काळ्या वस्तूपेक्षा अधिक भरले. या निरीक्षणाचा अर्थ सूक्ष्म आहे. ज्या कणाचा व्यास एखाद्या मायक्रॉनहून मोठा नाही, त्याला सूर्याचा दृश्य प्रकाश सहज शोषता येतो. परंतु स्वतःहून कितीतरी मोठ्या लांबीच्या उष्णतालहरी तो कार्यक्षमतेने बाहेर टाकू शकत नाही. आवक नेहमीची, जावक अडलेली. त्यामुळे कण तापतो. धुळीचे जादा तापमान हे अशा रीतीने तिच्या बारीकपणाचे प्रमाण ठरते.

१९७० च्या बेनेट धूमकेतूने पुढचे पाऊल टाकणे शक्य केले. मिनेसोटा विद्यापीठाच्या मास, एडवर्ड नेय आणि नेव्हिल वुल्फ यांना दहा मायक्रॉनपाशी अखंड उत्सर्जनाच्या वर उठलेला एक रुंद उंचवटा आढळला. सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या बंधाची कंपने याच लहरलांबीवर होतात. धूमकेतूच्या धुळीत सिलिकेटे, म्हणजे आपल्या पायाखालच्या दगडमातीची जवळची भावंडे आहेत, याची ही पहिली थेट खूण होती. १९७३-७४ चा कोहूतेक धूमकेतू वृत्तपत्रांनी वाढवलेल्या अपेक्षांना उतरला नाही आणि सर्वसामान्यांची निराशा झाली. अवरक्त वेधांपुरता मात्र तो फलदायी ठरला. नेय यांना त्याच्या कोमात व शेपटीत सिलिकेटांचा उंचवटा दिसला, पण सूर्याच्या दिशेने भासणाऱ्या प्रतिशेपटीत तो नव्हता. तेथील कण मोठे होते, आणि मोठ्या कणांतून ही खूण पुसली जाते. एकाच धूमकेतूतील धूळ आकारमानानुसार निरनिराळ्या वाटांना लागते, हे गणिताने सुचवलेले अनुमान येथे निरीक्षणाने पक्के झाले.

यानंतर १९८३ मध्ये आयरास या अवरक्त उपग्रहाने धूमकेतूंच्या कक्षांवर पसरलेल्या धुळीच्या अरुंद वाटा शोधून काढल्या. दृश्य प्रकाशात त्या जवळजवळ अदृश्य असतात. वर्षानुवर्षे त्याच मार्गावर सांडत गेलेल्या भरड कणांच्या त्या रांगा होत. धूमकेतू सूर्याजवळून निघून गेला तरी त्याचा हिशेब आकाशात शिल्लक राहतो.

राख, काच आणि स्फटिक

सिलिकेट आहे एवढे समजल्याने धुळीचा इतिहास समजत नाही. तेच सिलिकेट काचेसारखे अस्ताव्यस्त रचनेचे आहे, की स्फटिकासारखे सुव्यवस्थित, यावर तिच्या भूतकाळातील उष्णतेचा माग अवलंबून असतो. हा फरक समजण्यास नाशिक परिसरातील वाचकाला फार दूर जावे लागत नाही. नाशिकरोडजवळ एकलहरे येथे औष्णिक विद्युत केंद्राचे पहिले संच १९७०-७१ च्या सुमारास सुरू झाले आणि १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच त्यांत जमा झाले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते. दळलेला कोळसा भट्टीत जळताना त्यातील खनिज अंश वितळतो, त्याचे सूक्ष्म थेंब होतात, आणि धुराबरोबर वर जाताना ते झपाट्याने निवतात. अणूंना रांगेत बसण्यास सवड मिळत नाही. म्हणून चिमणीपूर्वी विद्युतभारित पत्र्यांवर जी राख ओढून घेतली जाते, तिचा मोठा भाग काचरूप गोल कणांचा असतो. सोबत क्वार्ट्झ आणि म्युलाइट यांचे स्फटिकही असतात. क्वार्ट्झचा काही अंश न वितळता मूळ कोळशातून आलेला, तर म्युलाइट भट्टीतच घडलेले. हे कण एक ते शंभर मायक्रॉन या टप्प्यातले, म्हणजे धूमकेतूच्या धुळीच्या भरड वर्गाशी तुलना करण्याजोगे आहेत. अशा राखेचा अवरक्त वर्णपट काढला तर काचेचा उंचवटा रुंद व गुळगुळीत येतो आणि स्फटिकांची अणकुचीदार शिखरे त्यावर वेगळी दिसतात. सिमेंट व विटांसाठी राख तपासणाऱ्या प्रयोगशाळांना ही गोष्ट परिचित आहे.

साम्य येथेच संपते, हेही स्पष्ट केले पाहिजे. राख वितळून काच झालेली असते. आंतरतारकीय अवकाशातील सिलिकेट धूळ मुळातच जवळजवळ पूर्णपणे अस्फटिकी आहे. तिला स्फटिकरूप देण्यासाठी उलट सुमारे हजार केल्विनपर्यंत तापवावे लागते. उपमा उपयोगी आहे ती वर्णपटाच्या वाचनापुरती.

हॅलेच्या १९८५-८६ च्या आगमनात विमानातून घेतलेल्या कायपर वेधशाळेच्या वर्णपटात ११.३ मायक्रॉनपाशी एक स्वतंत्र शिखर आढळले, आणि ते स्फटिकरूप ऑलिव्हिनचे असल्याचे १९८९ मध्ये मांडले गेले. संशयाला जागा उरली होती, ती हेल-बॉप धूमकेतूने पुसून टाकली. १९९७ च्या वसंतात महाराष्ट्रातूनही संध्याकाळी वायव्येकडे साध्या डोळ्यांनी दिसलेला हा धूमकेतू अनेकांच्या स्मरणात असेल. त्याआधीच्या वर्षी, तो सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या जवळजवळ तिप्पट दूर असताना, युरोपीय आयसो उपग्रहाने त्याचा दीर्घ लहरींपर्यंतचा वर्णपट घेतला. त्यात फॉर्स्टेराइट या मॅग्नेशियमयुक्त ऑलिव्हिनची शिखरे एकामागून एक उमटली होती. जाक क्रोविझिए व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ती प्रसिद्ध केली. ज्या वस्तूत कार्बन मोनॉक्साइडसारखे अतिशीत तापमानालाच टिकणारे बर्फ आहे, तिच्यातच हजार केल्विनची आच लागलेले स्फटिक आहेत, असा हा विरोधाभास होता. नवजात सूर्याजवळ तापलेला माल ग्रहमालेच्या थंड सीमेपर्यंत वाहून नेला गेला असावा, हे अनुमान या वर्णपटातून बळकट झाले. अवरक्त साक्षीचे याहून शुद्ध यश दाखवणे कठीण आहे: खनिज ओळखले गेले, त्याने सोसलेले तापमान समजले आणि त्यावरून त्याचा प्रवासही.

३.४ मायक्रॉन : हॅले आणि मतभेद

खनिजांच्या बाबतीत जे साधले ते सेंद्रिय पदार्थांच्या बाबतीत साधले नाही. त्यासाठी अकरा वर्षे मागे, हॅलेकडेच, यावे लागते. ६ मार्च १९८६ रोजी सोव्हिएत व्हेगा-१ यान हॅलेजवळून गेले तेव्हा त्यावरील अवरक्त वर्णपटमापकाने ३.२ ते ३.६ मायक्रॉनांदरम्यान उत्सर्जन नोंदवले. ३१ मार्चला ऑस्ट्रेलियातील अँग्लो-ऑस्ट्रेलियन दूरदर्शकावरून दयाल विक्रमसिंघे आणि डेव्हिड ॲलन यांनी ३.४ मायक्रॉनपाशी हाच पट्टा स्पष्टपणे टिपला. कार्बन व हायड्रोजन यांच्या बंधाचे ताणले जाणे ही त्याची ओळख. व्हेगा यानांवरील आणि १४ मार्चला सुमारे ६०० किलोमीटर अंतरावरून गेलेल्या ज्योत्तो यानावरील धूलिविश्लेषकांनी कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन व नायट्रोजन यांनी समृद्ध असे कणही नोंदवले होते. हॅलेच्या धुळीत सेंद्रिय द्रव्य आहे, याबद्दल त्यामुळे दुमत उरले नाही. मतभेद झाला तो 'सेंद्रिय' या शब्दाच्या अर्थावर.

दयाल यांचे ज्येष्ठ बंधू चंद्रा विक्रमसिंघे आणि फ्रेड हॉइल यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून असे मत मांडले होते की आंतरतारकीय धुळीचा मोठा भाग गोठलेल्या, वाळलेल्या जीवाणूंचा असून धूमकेतू हे त्यांचे वाहक व संवर्धक आहेत. वाळवलेल्या जीवाणूंचा प्रयोगशाळेत घेतलेला वर्णपट आकाशगंगेच्या केंद्राकडील एका अवरक्त स्रोताच्या शोषणपट्ट्याशी जुळतो, असे त्यांनी दाखवले. हॅलेचा ३.४ मायक्रॉनचा पट्टाही त्यांच्या मते तसाच जुळत होता. जुळणी खरोखरच चांगली होती, हे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता आले नाही. आक्षेप निराळा होता. कार्बन-हायड्रोजनचा हा बंध जीवाणूत असतो, तसा मेणात, रॉकेलात आणि निर्जीव बर्फावर अतिनील किरणांचा मारा केल्यावर उरणाऱ्या पिवळसर चिकट अवशेषातही असतो. लायडेन येथे मेयो ग्रीनबर्ग यांनी असे अवशेष प्रयोगशाळेत तयार करून, सिलिकेटचा गाभा व सेंद्रिय लेप असलेल्या कणांचे प्रतिमान मांडले होते. त्यात जीवाची गरज नव्हती. पुढे १९९० च्या दशकात असेही निष्पन्न झाले की या पट्ट्यातील बराचसा वाटा धुळीचा नसून मेथॅनॉल वायूचा आहे.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुरेसे अधोरेखित झालेले नाही. जीवाणूवादी आणि त्यांचे विरोधक दोघेही ज्याला कणांची खूण समजून भांडत होते, त्या खुणेचा मोठा अंश कणांचा नव्हताच. सिलिकेटांच्या बाबतीत अनेक शिखरांचा संच एकाच खनिजाकडे बोट दाखवतो, ३.४ मायक्रॉनपाशी एकटा रुंद पट्टा असतो व त्याच्याखाली अनेक द्रव्ये दडलेली असतात. बंध ओळखणे ही एक गोष्ट आणि तो बंध कोणाच्या घरातला आहे हे ओळखणे ही दुसरी. हॉइल-विक्रमसिंघे यांची चूक वर्णपट वाचण्यात नव्हती. जुळणीला त्यांनी पुराव्याचा दर्जा दिला, येथे ती होती.

वर्णपटाकडून नमुन्याकडे

नारळीकर हे केंब्रिजमध्ये हॉइल यांचे विद्यार्थी, आणि चंद्रा विक्रमसिंघे हेही त्याच गुरूचे शिष्य. धुळीचा प्रश्न नारळीकरांना दुसऱ्याही बाजूने परिचित होता. १९९३ पासून हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी मांडलेल्या अर्धस्थिर विश्वसिद्धान्तात, ताऱ्यांचा प्रकाश शोषून तो सूक्ष्मलहरींच्या रूपात परत देण्याचे काम लोहाच्या सुईसारख्या सूक्ष्म कणांकडे सोपवलेले आहे. धुळीच्या उत्सर्जनावरून किती अनुमाने निघतात आणि किती निसटतात, याची त्यांना पूर्ण जाणीव असणार. गुरूच्या जीवाणूवादाविषयी त्यांनी स्वीकारलेला मार्ग या दृष्टीने लक्षणीय आहे. वर्णपटाच्या जुळणीची आणखी एक आकृती काढण्याऐवजी, धूमकेतूंची धूळ पृथ्वीवर सतत पडत असेल तर तिचा नमुना वाटेतच पकडावा, असे त्यांनी ठरवले.

यासाठी लागणारी साधने देशात होती. होमी भाभांच्या विश्वकिरण संशोधनापासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फुग्यांची परंपरा चालत आली होती. हैदराबादच्या तळावरूनच संस्थेचा एक मीटर आरशाचा दूर-अवरक्त दूरदर्शक १९८० च्या दशकापासून स्थितांबरात जाऊन ताऱ्यांच्या जन्मस्थानांतील थंड धुळीचे वेध घेत होता. धुळीचे किरण टिपणाऱ्या फुग्यांच्याच तळाने आता धूळ टिपण्यासाठी फुगा सोडावा, हा संबंध केवळ योगायोगाचा नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेकडे वातावरणाच्या अभ्यासासाठी विकसित केलेला शीत-संग्राहक होता. द्रवरूप निऑनने थंड केलेल्या पोलादी नळकांड्यांची झडप ठरावीक उंचीवर उघडली की बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठते, अशी त्याची रचना.

२००१ च्या उड्डाणातील नमुन्यांचा काही भाग ब्रिटनमध्ये तपासला गेला. कार्डिफ येथे, जिवंत पेशींत शिरून चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने, ४१ किलोमीटरवरील हवेत पेशींचे पुंजके आढळल्याचे सांगण्यात आले. शेफिल्डच्या मिल्टन वेनराइट यांनी २००३ मध्ये त्याच उंचीच्या नमुन्यातून बॅसिलस सिम्प्लेक्स व स्टॅफिलोकॉकस पाश्चुरी हे दोन जीवाणू आणि एन्जिओडॉन्टियम अल्बम ही बुरशी वाढवल्याचे प्रसिद्ध केले. तिन्ही पृथ्वीवर परिचित. स्टॅफिलोकॉकसच्या कित्येक जाती तर माणसाच्या त्वचेवरच नांदतात. साहजिकच, हे नमुन्यात आले की तपासताना शिरले, हा प्रश्न उभा राहिला.

दुसरे उड्डाण २० एप्रिल २००५ रोजी झाले. सुमारे ४५९ किलो वजनाच्या उपकरणसंचात ३८ किलो द्रवरूप निऑन होते आणि २० ते ४१ किलोमीटर या उंचीवर नमुने घेतले गेले. नारळीकर प्रमुख अन्वेषक होते. टाटा संस्थेचे रवी मनचंदा, हैदराबादचे पुष्प मित्र भार्गव आणि इस्रोचे सी. बी. एस. दत्त त्यांच्यासोबत होते. या वेळी तपासणीची मांडणी अधिक काटेकोर होती. तीच कार्यपद्धती वापरून दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी काम केले : हैदराबादच्या सीसीएमबीत एस. शिवाजी आणि पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात योगेश शौचे. एकूण १२ जीवाणूंच्या व ६ बुरशींच्या वसाहती मिळाल्या. त्यांपैकी नऊ जीवाणूंचे आनुवंशिक साम्य पृथ्वीवरील ज्ञात जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक होते. उरलेल्या तीन जाती नव्या ठरल्या आणि २००९ मध्ये त्यांना जॅनिबॅक्टर हॉयलेई, बॅसिलस इस्रोनेन्सिस व बॅसिलस आर्यभट्टाई अशी नावे मिळाली. एका नावात फ्रेड हॉइल यांचे स्मरण आहे. हॉइल त्यापूर्वी, २००१ मध्येच निवर्तले होते.

या तिन्ही जाती आपल्या निकटच्या नातेवाइकांपेक्षा अतिनील किरणांना अधिक दाद न देणाऱ्या होत्या. प्रयोगकर्त्यांनी मात्र यावरून पृथ्वीबाह्य उगम सिद्ध होत नाही, असे स्वतःच जाहीर केले. या संयमाची दखल वृत्तपत्रांपेक्षा इतिहासाने अधिक घेतली पाहिजे. अतिनील किरणांना तोंड देण्याची शक्ती उगमाबद्दल काही सांगत नाही. कोठूनही आलेला जीव त्या उंचीवर टिकून असेल तर तो कणखरच असणार. 'नवी जात' हेही प्रमाण अपुरे आहे. पृथ्वीवरील बहुसंख्य जीवाणूंना आपण अजून नावे दिलेली नाहीत. बॅसिलस आर्यभट्टाई पुढे निरनिराळ्या देशांत वनस्पतींच्या मुळांभोवतीच्या मातीत आढळला, आणि पीकवाढीस साहाय्य करणारा जीवाणू म्हणून कृषिशास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करू लागले. स्थितांबरात प्रथम भेटलेला हा पाहुणा शेतातलाच निघाला. जमिनीवरील कण चाळीस किलोमीटरपर्यंत जाणे अवघड असले तरी अशक्य नाही. जानेवारी २०२२ मधील हुंगा टोंगा ज्वालामुखीचा लोट सुमारे ५७ किलोमीटर उंचीवर पोहोचल्याचे उपग्रहांनी मोजले.

'आपले' की 'परके'

पुण्याच्या प्रयोगाने नमुना मिळवला. उगमाचा प्रश्न मात्र वर्णपटातून निघून नमुन्याबरोबर प्रयोगशाळेत आला. याच सुमारास दुसऱ्या एका मोहिमेपुढे तोच प्रश्न उभा राहिला. अमेरिकेचे स्टारडस्ट यान २ जानेवारी २००४ रोजी विल्ट-२ धूमकेतूच्या कोमातून गेले, एरोजेल या अतिहलक्या पदार्थात त्याने धूळ रुतवून घेतली आणि १५ जानेवारी २००६ रोजी ती युटाच्या वाळवंटात उतरवली. खनिजांच्या बाबतीत अवरक्त वेधांचे म्हणणे येथे कणाकणाने खरे ठरले: ऑलिव्हिनचे स्फटिक होते, आणि अतिउच्च तापमानाला घडणारे कॅल्शियम-ॲल्युमिनियमयुक्त कणही होते.

सेंद्रिय बाजूला या नमुन्यात ग्लायसीन हे अमिनो आम्ल आढळले. परंतु यानाच्या हाताळणीत वापरलेल्या नायलॉनमधून आलेली अशुद्धीही तेथे होती, त्यामुळे शोध जाहीर करण्याची घाई करण्यात आली नाही. ग्लायसीनमधील जड व हलक्या कार्बनचे प्रमाण मोजण्यात आले. ते पृथ्वीवरील सेंद्रिय पदार्थांच्या मर्यादेबाहेर, जड कार्बनच्या बाजूला पडले, तेव्हाच २००९ मध्ये ते धूमकेतूचे असल्याचे मान्य झाले. ज्या वर्षी पुणे-हैदराबादच्या तीन जातींना नावे मिळाली, त्याच वर्षीची ही गोष्ट. जीवाणूची जात ठरवणारी आनुवंशिक चाचणी आणि अणूचे गाव ठरवणारी समस्थानिक चाचणी या दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. संवर्धित जीवाणूंच्या बाबतीत दुसरी चाचणी फारशी उपयोगी पडत नाही, कारण प्रयोगशाळेतील पोषक द्रव्यावर वाढलेल्या वसाहतीत त्या द्रव्याचाच कार्बन भरलेला असतो. त्यासाठी न वाढवलेली मूळ पेशी हवी, आणि तिच्यात मोजण्यापुरते द्रव्यही हवे.

अवरक्त पट्ट्यांचे वाचन या काळातही अडखळत राहिले. २०१४ पासून रोझेटा यानाने ६७पी धूमकेतूच्या पृष्ठभागावर ३.२ मायक्रॉनभोवती एक रुंद शोषणपट्टा नोंदवला आणि २०१५ मध्ये तो मुख्यत्वे सेंद्रिय संयुगांचा मानला गेला. २०२० मध्ये ऑलिव्हिए पोश व सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत धुळीत अमोनियमचे क्षार मिसळून, गोठवून आणि निर्वातात वाळवून जो वर्णपट घेतला, तो या पट्ट्याशी अधिक चांगला जुळला. धूमकेतूंत नायट्रोजन अपेक्षेपेक्षा कमी का दिसतो, या जुन्या कोड्याला त्यामुळे एक उत्तर मिळाले. पट्टा तोच राहिला. त्याचा धनी बदलला.

नारळीकरांचे निधन २० मे २०२५ रोजी पुण्यात झाले. त्यांच्या प्रयोगातील तीन जीवाणूंचे नमुने संवर्धन-संग्रहांत जतन केलेले आहेत, आणि विल्ट-२ ची धूळ ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत अजून कणाकणाने तपासली जात आहे.